तिसरा फारोलेरो

दोन्या चेला पडल्या तेव्हा मी त्यांच्या मागे चार पावलांवर होते. २०१६चा हिवाळा होता. नॉर्थ यॉर्कमधल्या आमच्या बिल्डिंगसमोर बसस्टॉपकडे जाणारा एक उतार आहे, आणि आदल्या दिवशी पडलेल्या पावसाचा तिथे काचेसारखा बर्फ झाला होता. सत्तरी ओलांडलेली, जेमतेम पाच फूट उंचीची बाई, एका हातात पर्स आणि दुसऱ्या हातात अंड्यांचा खोका. त्यांचे दोन्ही पाय एकदम हवेत गेलेले मी पाहिले आणि डोळे मिटून घेतले.

हाड मोडल्याचा आवाज काही आला नाही. ओल्या गोधडीवर धोपटणं हाणावं तसा एकच सपाट फटका ऐकू आला. डोळे उघडले तर बाई उभ्या होत्या, कोटावरचा बर्फ झटकत होत्या. त्यांनी खोका उघडून पाहिला. एकही अंडं फुटलं नव्हतं.

"आर यू ओके?" मी धावत जाऊन विचारलं.

त्या स्पॅनिशमध्ये स्वतःशीच काहीतरी पुटपुटल्या. या वयात नीट पडता येत नाही, लाज वाटते, असं काहीसं. मी त्यांना स्पॅनिशमध्येच म्हटलं, "याहून नीट कसं पडतात?"

भिंतच बोलली असावी तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुण्यात नोकरीला असताना मेक्सिकोच्या ग्राहकांसाठी कंपनीने आम्हा दहा-बारा जणांना फुकट स्पॅनिश शिकवलं होतं. कॅनडात आल्यावर ते गंजत पडलं होतं. त्या दिवसापासून ते कामाला लागलं.

त्यांचं पूर्ण नाव ग्रासिएला. घरचं नाव चेला. वयाने मोठ्या बाईला त्यांच्या मेक्सिकोत दोन्या म्हणतात आणि पुरुषाला दोन. त्या आमच्याच मजल्यावर मुलीकडे राहायच्या. मुलगी हॉस्पिटलमध्ये शिफ्टमध्ये काम करायची, त्यामुळे बाई दिवसभर एकट्याच असायच्या. माझे बाबा आईवडिलांना मिळणाऱ्या सुपर व्हिसावर आले होते, तेही दिवसभर एकटेच. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला सांगलीचा माणूस, एकविसाव्या मजल्याच्या खिडकीत बसून खालचा बर्फ मोजायचा. मी या दोघांची ओळख करून दिली.

"मुचो गुस्तो, दोन वसंत," त्या म्हणाल्या, म्हणजे भेटून आनंद झाला.

बाबा माझ्याकडे वळले. "दोन कसले? एकच आहे मी."

मी हे भाषांतर करून सांगितल्यावर बाई इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीचा आधार घ्यावा लागला. मग हसू आवरून त्यांनी बाबांच्या डोक्याकडे क्षणभर रोखून पाहिलं आणि म्हणाल्या, "अठ्ठावन्न." चार दिवसांनी त्यांनी विणलेली लोकरीची टोपी आली. ती बाबांच्या डोक्यावर अशी बसली की जणू तिथेच उगवली होती. मी टेपने मोजून पाहिलं. बाबांचं डोकं बरोबर अठ्ठावन्न सेंटिमीटर होतं.

त्यांच्या धंद्याची ही सवय होती. मेक्सिकोत त्यांनी चाळीस वर्षं कुस्तीगिरांचे मुखवटे शिवले होते. तिकडची व्यावसायिक कुस्ती म्हणजे मोठा खेळ असतो. रिंग असते, दिवे असतात, हजारो माणसं आरडाओरडा करत असतात आणि बरेचसे मल्ल मुखवटा घालून लढतात. मुखवट्यामागचा माणूस कोण हे घरच्यांपलीकडे कुणाला माहीत नसतं. शिवणारीला मात्र माहीत असावंच लागतं, कारण तिने माप घेतलेलं असतं. दोन्या चेलांना अर्ध्या मेक्सिकोचे चेहरे ठाऊक होते आणि घरच्या माणसांखेरीज त्यांनी एकाचंही नाव कधी उच्चारलं नाही. लिफ्टमध्येसुद्धा त्या कुणाला नाव विचारायच्या नाहीत. "सांगायचं असेल तर माणूस आपणहून सांगतो," म्हणायच्या.

बाबांना पहिल्या दिवशी हे काही पटलं नाही. सांगली-कोल्हापूरकडची मैदानं पाहिलेला माणूस. "अगं, ही नुरा कुस्ती झाली," ते म्हणाले. "कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं. विचार तिला, खरं की नाही?"

मला संकोच वाटला, तरी विचारलं. बाई अजिबात रागावल्या नाहीत.

"दोन वसंतना सांग, कोण जिंकणार ते ऑफिसात ठरतं. खरं आहे. पण दोरावरून उडी मारल्यावर खाली जमीन असते, आणि जमिनीला ऑफिसातलं कुणी काही सांगून ठेवलेलं नसतं."

बाबा विचारात पडले. मग म्हणाले, "हे मात्र बरोबर आहे."

पुढच्याच आठवड्यात बाई आमच्या दिवाणखान्यात आल्या, सोफा सरकवायला लावला, दोन जाड रजया अंथरल्या आणि बाबांना पडायला शिकवू लागल्या. आधी बसल्या जागेवरून, मग गुडघ्यांवरून, मग उभ्याने. हनुवटी छातीला लावायची, पाठ गोल करायची, तळहात आणि दंड सपाट आपटायचा, श्वास सोडून द्यायचा. "जमिनीशी भांडायचं नाही, तिला जास्त जागा द्यायची," असं त्या सांगायच्या आणि मी मराठीत सांगायचे. बहात्तर वर्षांचे माझे बाबा रजईवर धपाधप पडत होते आणि दर वेळी उठून "आता बघ हं" म्हणत होते. मार्चपर्यंत त्यांच्याबरोबर आमच्या मजल्यावरची एक कोरियन आजी आणि एक गुजराती जोडपंही पडायला येऊ लागलं. खालच्या मजल्यावरून एकदा कम्प्लेंट आली. बाई स्वतः खाली गेल्या आणि कम्प्लेंट करणाऱ्या बाईंनाच क्लासला घेऊन वर आल्या.

पण दोन्या चेलांची खरी दौलत बिस्किटांच्या एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात होती. ओळख झाल्यावर सहा महिन्यांनी त्यांनी तो मला दाखवला.

डब्यात कापडाचे तुकडे होते. सॅटिन, मखमल, रेक्झिनसारखं चमकतं काहीतरी. तीन-तीन तुकडे एका टाचणीत टोचलेले आणि असे कितीतरी जुडगे, क्रमाने रचलेले. त्यांच्या राज्यात तिघातिघांच्या संघांचं एक अजिंक्यपद होतं. तीन मल्ल विरुद्ध तीन मल्ल, तीनपैकी दोन फेऱ्या जिंकायच्या, आणि जिंकणाऱ्या तिघांना एकेक पट्टा. प्रत्येक अजिंक्य संघाच्या मुखवट्यांचं उरलेलं कापड बाईंनी जपून ठेवलं होतं. बिनमुखवट्याचा मल्ल असेल तर त्याच्या चड्डीचं कापड. त्या अजिंक्यपदाचा पूर्ण इतिहास त्या डब्यात होता.

त्या एकेक जुडगा उचलायच्या आणि सांगू लागायच्या. हे तिघे सख्खे भाऊ, एका लग्नात भांडले आणि पट्टे परत करावे लागले. हे तिघे पहिल्या दिवशी जिंकले आणि पुढच्याच रविवारी हरले. इथे दोन पांढरे आणि एक निळा तुकडा आहे, कारण तिसरा आयत्या वेळी दुसऱ्या बाजूला फितूर झाला. कोण कुणाकडून हरलं, कुठल्या गावात, पाऊस होता की नव्हता. त्या एकदाही अडखळल्या नाहीत. लहानपणी आमच्या गावच्या देवळात बुवा गुरुपरंपरा म्हणायचे, तसं मी थक्क होऊन ऐकत राहिले.

"दोघांची जोडी कधीही मोडते," त्या एकदा म्हणाल्या. "तिघांचं जमलं तर खूप टिकतं. दोघं भांडत असताना तिसरा दोर धरून बाहेर उभा असतो ना."

मधोमध एक जुडगा होता, काळ्या सॅटिनचे तीन तुकडे आणि प्रत्येकावर पिवळ्या धाग्याने भरलेला लहानसा कंदील. हे लोस फारोलेरोस. फारोलेरो म्हणजे रस्त्यावरचे दिवे लावत फिरणारा माणूस. पहिला फारोलेरो त्यांचे दीर हासिंतो, दुसरा मार्सिआल नावाचा मित्र आणि तिसरा फारोलेरो त्यांचे यजमान एलिसेओ. सगळ्यांत जास्त काळ पट्टे याच तिघांकडे होते. दीर आणि यजमान दोघेही वारले होते. मार्सिआल तिकडे वृद्धाश्रमात होते आणि त्यांचा पट्टा खाटेच्या वर भिंतीवर टांगलेला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगायचे, आमच्या तिघांतला एकही कधी गैरहजर राहिला नाही.

त्या अजिंक्यपदाचा नियमच तसा होता. पट्टा राखायची लढत ठरली आणि तिघांपैकी एक जरी आला नाही, की तिघांचेही पट्टे गेले.

त्याच सुमारास ऑर्तिस नावाच्या एका गृहस्थांची इमेल बाईंच्या मुलीकडे आली. ते मेक्सिकोत टपाल खात्यात नोकरी करत आणि उरलेल्या वेळात या अजिंक्यपदाची यादी इंटरनेटवर तयार करत होते. जुन्या वर्तमानपत्रांत बरंच सापडलं होतं, पण मध्ये मध्ये भगदाडं होती. दोन्या चेला जिवंत आहेत आणि कॅनडात आहेत, हे त्यांनी कुठूनसं शोधून काढलं होतं. बाईंना टाइप करता येत नव्हतं आणि मुलीला वेळ नव्हता. ते काम माझ्याकडे आलं.

मग वर्षभर दर रविवारी आम्ही बसायचो. बाई डबा उघडायच्या, मी लॅपटॉप, आणि बाबा टोपी घालून शेजारी. ऑर्तिस विचारायचे, या दोन संघांच्या मध्ये कोण? बाई जुडगे उलटायच्या आणि सांगायच्या. एकदा त्यांनी छापून आलेली बातमी चुकीची ठरवली, कारण ज्याला जिंकलेला म्हटलं होतं, त्या मल्लाचा मुखवटा त्या आठवड्यात त्यांच्याकडे दुरुस्तीला पडून होता. ऑर्तिसनी खात्री केली. बाईंचंच बरोबर निघालं. यादी भरत गेली. एखाद्या देशाचा इतिहास लिहावा इतक्या काळजीने दोघं एकमेकांना न पाहता ते लिहीत होते.

आणि मग एका रविवारी त्यांची लांब इमेल आली. मी मोठ्याने वाचू लागले.

ऑर्तिसनी लिहिलं होतं, मी नऊ वर्षांचा असताना वडिलांबरोबर सभागृहाच्या गॅलरीत बसून फारोलेरोंची एक लढत पाहिली होती. रविवारी दुपारचा खेळ होता. तिसरा फारोलेरो दोरावर चढताना नेहमी डावा पाय आधी टाकायचा, आम्ही मुलं घरी त्याची नक्कल करायचो. त्या दुपारी त्याने उजवा टाकला. उंचीही कमी वाटली. सेन्योरा, इतकी वर्षं मी हे कुणाला विचारलेलं नाही. त्या दिवशी मुखवट्यात दुसरं कुणी होतं का?

दोन्या चेलांनी टाचणी परत टोचली, डबा बंद केला आणि म्हणाल्या, "आज पुरे." आणि निघून गेल्या.

पुढच्या रविवारी त्या आल्या तेव्हा डबा आणलाच नव्हता. बाबांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "दोन वसंतनाही सांग. मी थांबत थांबत बोलेन."

त्या दिवशी सकाळी एलिसेओला ताप चढला होता. टायफॉइड होता, पण ते नंतर कळलं. तो बायकोला ओळखत नव्हता. दुपारी पट्टे राखायची लढत होती. हासिंतो आणि मार्सिआल न्यायला आले आणि खाटेजवळ उभे राहिले. त्या काळी त्या शहरात बायकांना रिंगमध्ये उतरायची बंदी होती. कुणी उतरवली असती तर सभागृहाला टाळं लागलं असतं.

"पण सरावाला चौथं माणूस लागतं," बाई म्हणाल्या. "कुणाला तरी उचलायचं, कुणाला तरी फेकायचं. आठ वर्षं मागच्या अंगणात ते मला फेकत होते. मग मीही त्यांना फेकायला शिकले. स्वयंपाक टाकून बाहेर जायचं, दहा-बारा वेळा पडायचं, की परत आत भाजीकडे."

त्यांनी शिवणयंत्र उघडलं. नवऱ्याचा पोशाख दोन्ही बाजूंनी आत घेतला, खांद्यांत आणि दंडांत कापूस भरून टाके घातले, छातीला कापड घट्ट गुंडाळलं. बुटांत बोळे कोंबले. हासिंतो शेवटपर्यंत "नको" म्हणत होता. मार्सिआलने मात्र मागून मुखवट्याची नाडी बांधून दिली.

पहिली फेरी ते हरले, दुसरी जिंकले. तिसऱ्या फेरीत मार्सिआलचा खांदा दुखावला आणि तोवर दोराबाहेर उभ्या असलेल्या बाईंना मध्ये जावं लागलं. समोर एक धिप्पाड मल्ल होता, वजन त्यांच्या दुप्पट.

"त्याने मला कमरेला धरून उचललं," त्या म्हणाल्या, "आणि थांबला. एक श्वास, बस. त्याला कळलं. बाईचं शरीर उचलल्यावर कळतंच, कापूस कितीही भर. माझ्या कानाशी त्याचं तोंड होतं. मला वाटलं, संपलं. आता हा मुखवटा ओढणार."

मी भाषांतर करायचं विसरले होते. बाबांनी माझा दंड हलवला. "पुढं काय झालं?"

"तो म्हणाला, 'सेन्योरा, घट्ट धरा.' आणि मीच त्याला फेकलं असं वाटावं, तसा तो मागे पडला. पाठीवर, पूर्ण वजनानिशी. मग मी दोरावर चढले."

त्या उडीबद्दल बाईंनी फार सांगितलं नाही. वरून दिवे दिसले, म्हणाल्या, आणि लोकांचा आवाज एकदम बंद झाला. पंचाने तीन मोजले आणि पट्टे राखले गेले. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी एलिसेओच्या कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवल्या. तो बरा झाल्यावर त्याला सांगितलं, तर त्याला आधी खरंच वाटेना. मग त्याने पट्टा काढून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो पुसून परत खिळ्याला टांगला. तो धिप्पाड मल्ल पुढे वीस वर्षं त्यांच्याकडूनच मुखवटे शिवून घेत होता. मरेपर्यंत त्याने तो विषय काढला नाही, बाईंनीही नाही.

मग बाबा खुर्चीतून पुढे सरकले. "विचार तिला, उडी टाकताना वजन कुठल्या पायावर घेतलं."

मी विचारलं. बाई उठल्या, सोफ्याची कड धरून दाखवू लागल्या. बाबाही उठले. पुढचा तासभर ती दोघं हातवारे करत आपापल्या भाषेत बोलत होती. माझी कुणाला गरज पडली नाही. बाबांच्या तोंडून 'नुरा' हा शब्द मी पुन्हा कधी ऐकला नाही.

पण इमेलचं उत्तर राहिलं होतं. मला राहवेना. "लिहू या ना खरं," मी म्हटलं. "तुम्ही अजिंक्य होता! त्या अख्ख्या यादीत एका बाईचं नाव नाहीये. ते आलं पाहिजे."

"आणि त्या ओळीनंतर काय लिहायचं?" त्यांनी विचारलं. "तिसरा आलाच नव्हता, म्हणजे पट्टे त्या दिवशीच गेले. पुढच्या सगळ्या लढती खोट्या. मार्सिआल सत्त्याऐंशी वर्षांचा आहे. भिंतीवरचा पट्टा कोण उतरवायला जाणार, तू?"

मी लॅपटॉप जवळ ओढला.

"लिही," त्या म्हणाल्या. "सेन्योर ऑर्तिस, त्या दिवशी तिसरा फारोलेरो लढला. याहून जास्त मी सांगू शकत नाही."

मी लिहिलं. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. पाठवायचं बटण दाबताना मात्र माझे डोळे भरून आले होते. ते बाईंना दिसलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"मार्सिआल गेला की कुणाला सांगायचं असेल त्याला तू सांग. पण तुमच्या भाषेत. तिथे आम्हाला कोण ओळखतंय?"

दोन दिवसांनी ऑर्तिसचं उत्तर आलं. लिहिलं होतं, मी लहान होतो, माझी पाहण्यात चूक झाली असणार. यादी आहे तशी ठेवतो. आणि खाली आणखी एक ओळ होती. ती दुपार मी जन्मात विसरणार नाही, तितकी सुंदर उडी मी परत पाहिली नाही, तिसऱ्या फारोलेरोला माझा नमस्कार कळवावा.

एलिसेओ वारल्याला तेव्हा बारा वर्षं झाली होती आणि ऑर्तिसना ते माहीत होतं, त्यांनीच तर ते यादीत लिहिलं होतं. बाईंनी ती ओळ मला दोनदा वाचायला लावली. मग म्हणाल्या, "कळला म्हणून सांग."

मार्सिआल २०१९च्या उन्हाळ्यात गेले. बाईंनी त्याच दिवशी तिकीट काढायला लावलं. परतीचं नको म्हणाल्या, तिकडे बहिणीकडे राहायचं ठरलं होतं. मी त्यांना एअरपोर्टवर सोडलं. त्या वेळी बाबा सांगलीला होते. फोनवर त्यांनी मला दोनदा बजावलं, तिला म्हणावं सांभाळून जा.

अंत्यविधी झाल्यावर त्या जुन्या सभागृहात श्रद्धांजलीचा कार्यक्रम होता. बाईंच्या भाचीने मला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन उंच धरून ठेवला. रिंगच्या मधोमध मार्सिआलचा मुखवटा एका खुर्चीवर ठेवला होता. कंदिलांचं ते काळं सॅटिन मी लांबूनही ओळखलं. निवेदकाने तिन्ही फारोलेरोंची नावं घेतली आणि प्रत्येकाच्या घरच्या माणसाला वर बोलावलं. हासिंतोचा मुलगा आला, मार्सिआलची नात आली. मग तो म्हणाला, "तिसरा फारोलेरो. त्यांच्या पत्नी, सेन्योरा ग्रासिएला."

काळ्या कपड्यातल्या दोन्या चेला तिसऱ्या रांगेतून उठल्या. दोन तरुण त्यांच्यासाठी लाकडी पायऱ्या आणायला धावले. ते येईपर्यंत त्या थांबल्या नाहीत. रिंगच्या काठावर चढल्या, एका हाताने मधला दोर खाली दाबला, डोकं वाकवून एका झटक्यात आत गेल्या. वाकायला, सरळ व्हायला मिळून एक क्षण. पुढच्या रांगेत बसलेले म्हातारे मल्ल एकमेकांकडे पाहू लागलेले मला दिसले.

तिकडे मेलेल्या मल्लासाठी मिनिटभर टाळ्या वाजवायची पद्धत आहे. सगळं सभागृह उभं राहिलं. हासिंतोच्या मुलाने मान खाली घातली, नात रडत होती. बाई रिंगच्या कोपऱ्यात उभ्या होत्या, पाय थोडे फाकवून, हात मोकळे सोडून, चेहरा वर. त्या टाळ्या त्यांनी पूर्ण मिनिटभर घेतल्या.

मग दोरांमधून खाली उतरल्या आणि मघाशी पर्स कुणाकडे दिली होती ते शोधू लागल्या. भाचीने फोन खाली घेतला, बरेच पाय दिसले, एक खुर्ची दिसली, आणि कॉल संपला.